बांधकाम रखडतं ते पावसामुळं की अर्धवट तयारीमुळं? (लास्ट प्लॅनर आणि आपल्याकडच्या साईट्स)

साईटवाला_टिळकवाडी
मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय आणि सगळीकडं तेच ऐकू येतंय, आता काय ओ, काम दसऱ्यानंतरच. घर असू दे, कंपाउंड असू दे, नाहीतर गल्लीतलं गटार, रखडलं की पावसाचं नाव, नाहीतर लेबर नाही, वाळू नाही. मी साईटवरच असतो, प्लॅनिंगचं काम बघतो, आणि या विषयात जगभर काय संशोधन चाललंय ते जमेल तसं वाचत असतो, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडची बरीच कामं उशिरा सुरू झाली म्हणून रखडत नाहीत, तयारी पुरी व्हायच्या आत सुरू केली म्हणून रखडतात.

स्लॅबचंच घ्या. सेंट्रिंग झालंय, स्टील बांधून झालंय, दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटची गाडी सांगितलीय. संध्याकाळी बघतोय तर इलेक्ट्रिशियननं पाईप टाकलेत पण फॅन बॉक्स दोन खोल्यांत बसवलेलेच नाहीत, आणि टॉयलेटच्या जागी स्लॅब किती खाली घ्यायचा याचं ड्रॉइंग आर्किटेक्टकडून अजून आलेलं नाही. मग रात्री फोनाफोनी, सकाळी गाडी उभी, कव्हर ब्लॉक शोधायला पोरगं दुकानात, स्टीलवर चढून बॉक्स बसवताना बांधलेल्या तारा सुटतात, आणि शेवटी टॉयलेटचं "नंतर फोडून घेऊ" म्हणून सरळ ओततात. रजिस्टरमध्ये स्लॅब त्याच दिवशी झाला अशी नोंद पडते. फोडाफोडी, गळती, परत वॉटरप्रूफिंग हे सगळं पुढं कुठल्या तरी दुसऱ्याच खात्यात जातं. यात पावसाचा थेंबसुद्धा नाही.

कॉलेजात आपण शिकलो ते सीपीएम आणि पर्ट, म्हणजे कुठलं काम कशाच्या मागून आणि कधी हे मांडायच्या पद्धती. सीपीएम १९५७ च्या सुमाराला ड्यूपाँट कंपनीच्या केमिकल प्लांटच्या कामातून आलं आणि पर्ट १९५८ मध्ये अमेरिकन नेव्हीच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून. दोन्ही चांगलीच आहेत, मी रोज वापरतो. पण ती सांगतात की हे काम अमुक तारखेला सुरू "व्हायला पाहिजे". त्या दिवशी सकाळी ते सुरू "होऊ शकतं" का, याचं उत्तर बार चार्टमध्ये नसतं. ते मेस्त्रीकडं असतं, आणि मेस्त्रीला कोणी विचारत नाही.

नेमकं इथंच लीन कन्स्ट्रक्शनवाल्यांनी, म्हणजे बांधकामात वाया जाणारं कमी करा म्हणणाऱ्यांनी, बोट ठेवलं. लाउरी कोस्केला म्हणून फिनलंडचे संशोधक, त्यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्डला असताना एक रिपोर्ट लिहिला, की बांधकामाकडं नुसतं कामांची यादी म्हणून बघू नका, एका टोळीकडून दुसऱ्या टोळीकडं काम कसं वाहतं ते बघा. पुढं ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोघांनी अमेरिकेत प्रत्यक्ष साईट्सवर मोजायला सुरुवात केली. सोमवारी "या आठवड्यात हे हे करू" म्हणून जे ठरलं त्यातलं आठवड्याच्या शेवटी पूर्ण किती झालं, एवढंच मोजायचं. अर्धं झालं तर शून्य धरायचं. उत्तर आलं निम्म्याच्या थोडंसंच वर. तेही चांगल्या नावाजलेल्या कंत्राटदारांच्या कामावर, जिथं वरचा प्लॅन अगदी व्यवस्थित होता.

त्यातून लास्ट प्लॅनर ही पद्धत आली. शेवटचा प्लॅन करणारा माणूस म्हणजे जो उद्या कोण कुठं उभा राहणार ते ठरवतो तो, आपल्याकडं मेस्त्री, सेंट्रिंगवाला, स्टील बांधणारा बार बेंडर. ठरलेल्या शेवटापासून सगळ्यांनी मिळून उलटं मागं यायचं आणि कोणाला कोणाकडून काय पाहिजे ते ठरवायचं, पुढच्या साधारण सहा आठवड्यांत येणाऱ्या प्रत्येक कामाला काय अडतंय ते आजच शोधून ते काढायच्या मागं लागायचं, ज्याचं काहीच अडलेलं नाही तेवढंच या आठवड्याच्या यादीत घ्यायचं, आणि शनिवारी बघायचं शब्द किती पाळला गेला आणि जो पाळला गेला नाही तो का. कारण लिहायचं, माणसाला शिव्या घालायच्या नाहीत. मी हे सगळं साईटवर एका फळ्यावर मांडतो.

हे परदेशातलं, इथं चालणार नाही असं म्हणण्याआधी सांगतो, या लोकांची जागतिक परिषद २०१८ मध्ये चेन्नईला झाली, आयआयटी मद्रासनं भरवली होती. भारतातल्या मोठ्या कंपन्या हे वापरतात. प्रश्न आपल्या लहान आणि मधल्या कामांचा आहे. तुमचं काय म्हणणं?

शहापूरकर
सर, लई चांगला धागा. आमच्या घराचं काम चाललंय, जुनं पाडून जी प्लस वन. तुम्ही लिवलंय ते तंतोतंत आमच्याच घरात चाललंय बघा. खिडकीच्या चौकटी आल्या नाहीत म्हणून भिंत तिथंच सोडली, मग ते गौंडी दुसऱ्या साईटला गेले, चौकटी आल्या तर गौंडी नाहीत, गौंडी आले तर सिमेंट पावसानं गड्डा झालेलं. मला एकच विचारायचंय, घरासारख्या कामाला हे सगळं करायला कोण बसणार? आमच्यात इंजिनियर आठवड्यातनं एकदा येतंय, तेबी स्कूटरवरनं न उतरता बघून जातंय.

साईटवाला_टिळकवाडी
@शहापूरकर घराला तर जास्तच लागतंय ओ, कारण तुमच्या घराला सांभाळून घेणारं ऑफिस नाही. कोस्केलांनी एक साधा हिशोब मांडलाय. कुठलंही काम सुरू व्हायला सात गोष्टी जागेवर लागतात: ड्रॉइंग, माल, माणसं, अवजारं-मशीन, जागा, आधीचं काम पूर्ण असणं, आणि बाहेरची परिस्थिती म्हणजे पाऊस, परवानगी वगैरे. समजा प्रत्येक गोष्ट वेळेवर असायची शक्यता ९५ टक्के आहे, म्हणजे फारच चांगली. सातही एकदम असायची शक्यता किती? ०.९५ सात वेळा गुणा, साधारण ७० टक्के येतं. म्हणजे सगळे जण आपापल्या जागी चोख असूनसुद्धा दहातली तीन कामं अडणार. आपल्याकडं एकेक गोष्ट ८० टक्के धरली तर ० दशांश २१, पाचात एकच काम सुरळीत. कोणी कामचुकार असायची गरजच नाही, हा नुसता गुणाकार आहे.

आणि या सातांतलं काही कमी असताना सुरू केलेल्या कामाला त्यांनी २००४ मध्ये वाया जाण्याचा आठवा प्रकार म्हटलं. टोयोटाच्या यादीत सात प्रकार होते, माल पडून राहणं, वाट बघणं वगैरे. तिथं माल कामाची वाट बघतो. बांधकामात उलटं होतं, काम मालाची वाट न बघताच सुरू होतं.

रिटायर्ड_एई
नमस्कार. सरकारी बांधकाम खात्यात नोकरी झाली, बहुतेक सगळी आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, रायबागपासून खानापूरपर्यंत. लेखकाचं म्हणणं पटतं, पण ते साईटच्या फाटकाच्या आत थांबतं. आमच्याकडं काम अडायचं ते फाटकाच्या बाहेर. जमीन ताब्यात यायच्या आत वर्क ऑर्डर निघते. रस्त्याच्या आखणीत चार शेतकऱ्यांची जमीन राहिलेली असते, दोन्ही बाजूंनी रस्ता होतो आणि मधे तुकडा तसाच. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासचं काय झालं सगळ्यांनी पाहिलंय. सुपीक पिकाची जमीन, शेतकऱ्यांचा विरोध, कोर्ट, काम बंद, परत चालू. त्या शेतकऱ्याला मी अडथळा म्हणणार नाही, त्याच्याशी आधी नीट न बोलता टेंडर काढणं हा अडथळा.

दुसरं म्हणजे बिलं. कंत्राटदाराचं रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, महिनोन्महिने अडकलं तर तो माणसं दुसरीकडं हलवणारच, त्याचंही पोट आहे. केंद्राच्या अर्थ खात्यानं २९ ऑक्टोबर २०२१ ला प्रोक्युअरमेंट आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटसाठी सूचना काढल्या, त्यात रनिंग बिलाचे निदान ७५ टक्के १० कामाच्या दिवसांत द्या आणि बाकीचे तपासून २८ कामाच्या दिवसांत द्या असं स्पष्ट आहे. सगळ्यात कमी बोली त्यालाच काम, या पद्धतीलाही त्यात पर्याय दिलाय, काही कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. जमीन आणि परवानग्या टेंडरच्या आधी हाताळा हेसुद्धा त्यात आहे. सूचना केंद्राच्या कामांना आहेत, आपल्या कर्नाटकाचा सरकारी खरेदीतला पारदर्शकता कायदा १९९९ चा आहे, पण दिशा चांगली आहे. माझ्या मते संशोधन इथं व्हावं, कागदावर निघालेला नियम तालुक्याच्या टेबलापर्यंत येताना कुठं अडतो ते कोणी तरी शोधावं.

खानापूरची_लेक
मी कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये एम टेक करतेय, कॉलेज उद्यमबागच्या बाजूला, डिसर्टेशनचा विषय उशिराची कारणं हाच, त्यामुळं हा धागा सकाळपासून तीनदा वाचला.

यावर पेपर ढिगानं आहेत. सौदीतला असफ आणि अल-हेज्जी यांचा २००६ चा पेपर सगळे जण देतात, त्यांनी ७३ कारणं काढली होती आणि ७० टक्के प्रोजेक्टना उशीर झालेला. मालक, कन्सल्टंट, कंत्राटदार तिघांनी मिळून एकच कारण वर धरलं, काम चालू असताना मालकानं बदल सांगणं. भारतावर डोलोई, साहनी, अय्यर आणि रेंताला यांचा २०१२ चा पेपर आहे, त्यात कमिटमेंट नसणं, साईट मॅनेजमेंट ढिसाळ असणं, समन्वय नसणं, कामाची व्याप्ती स्पष्ट नसणं ही कारणं पुढं आली. पाऊस हे मुख्य कारण म्हणून आलेलं नाही, तेव्हा साईटवाला सरांच्या बाजूनं हा एक पुरावा धरा.

पण मला या सगळ्या प्रकारातच एक गोष्ट खटकते आणि मी गाईडनाही बोलले. पद्धत सगळीकडं साधारण तीच, प्रश्नावली काढायची, इंजिनियर आणि मॅनेजरना पाच पैकी मार्क द्यायला सांगायचे, इंडेक्स काढायचा, क्रमवारी लावायची. म्हणजे उशीर का झाला हे उशिराबद्दल मत विचारून ठरवतो आपण. कंत्राटदार म्हणणार बिल मिळालं नाही, मालक म्हणणार कंत्राटदार ढिला. गौंड्याला कोणीच फॉर्म देत नाही कारण फॉर्म इंग्रजीत असतो. देशादेशातून असे पेपर येतात, यादी थोडी खालीवर होते, आणि यादी हातात आल्यावर साईटवर उद्या काय करायचं ते काही कळत नाही. बॅलार्ड यांच्या मोजण्यात मला म्हणूनच जास्त दम वाटतो. ती कोणाची मतं नव्हेत, दर आठवड्याला काय ठरलं आणि काय झालं याची नोंद आहे.

मला दोन लहान साईट्सवर पावसाच्या आधी आणि पावसात आठवड्याची नोंद ठेवायचीय, मराठीत आणि कन्नडमध्ये. कोणाची साईट मिळेल का? नाव कुठं येणार नाही.

काळी_माती
आमचं बैलहोंगल साईडला काम असतंय. तुम्ही सगळे वरवरचं बोलताय असं वाटतंय म्हणून थोडं जमिनीखालचं सांगतो. बेळगावपासून पश्चिमेला खानापूरकडं चिऱ्याचा तांबडा भाग, तिथं पाया सोपा. पूर्वेला आलात की काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगती. लोक काय करतेत, शेजारच्यानं चार फूट खोदलं म्हणून आपणबी चार फूट. माती तपासायला चार पैसे जातात म्हणून तपासत नाहीत. मग वर्षभरात प्लिंथला तडे, दारं अडकतात, दुरुस्तीचं काम निघतंय, आणि मूळ कामाचा हिशोब कधीच बंद होत नाही.

या मातीवर जगात नाव घेतात असं संशोधन आपल्याच मुलखात वापरलं गेलंय हे लई जणांना माहीत नसतंय. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी दाखवलं की फुगणाऱ्या मातीवर साधारण एक मीटरचा न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दाबून बसवला की खालचा फुगवटा रोखला जातोय. सीएनएस लेअर म्हणतात त्याला. मलप्रभेच्या कालव्याचं अस्तर असल्याच मातीत फुटायचं, तिथं हे वापरलं, आणि कालव्यांच्या अस्तराच्या भारतीय मानकातही हा थर आहे. मलप्रभेवरच्या नविलुतीर्थाच्या धरणाचं पाणी ज्या कालव्यानं जातंय तोच आमचा पुरावा. मुरूम आमच्याकडं मिळतोय, फक्त नीट निवडायला पाहिजे. तेव्हा तुमच्या त्या सात गोष्टींत माती आठवी धरा.

साईटवाला_टिळकवाडी
@काळी_माती ही माहिती फार मोलाची, कालव्याचं मला तपशिलात माहीत नव्हतं. माती तपासणी पहिल्या गोष्टीत बसते, ड्रॉइंग म्हणजे लागणारी सगळी माहिती. तपासणी न करता काढलेलं पायाचं ड्रॉइंग म्हणजे माहिती नाहीच, सुरुवातीलाच अडलेलं काम.

फोडून परत करण्याचा खर्च किती असतो यावर ऑस्ट्रेलियात पीटर लव्ह यांचा २००२ चा अभ्यास आहे, १६१ प्रोजेक्ट. थेट खर्च कंत्राटाच्या ६.४ टक्के आणि आडून होणारा ५.६ टक्के, म्हणजे १२ टक्के परत परत करण्यात. आपल्याकडं कंत्राटदाराला सुटतात तेवढे पैसे यातच जात असतील तर नवल नाही.

निपाणीकर
सगळं ठीक आहे पण तुम्ही अजून मेस्त्री आणि फळ्यावरच अडकलाय असं मला वाटतं. जग कुठं गेलंय बघा. बेंगळुरूत केंब्रिज लेआउटला थ्रीडी प्रिंटेड पोस्ट ऑफिस झालं, १०२१ स्क्वेअर फूट, ऑगस्ट २०२३ ला उद्घाटन, दीड महिन्याच्या आत बांधलं. नॅशनल हायवेच्या कामावर २०२१ पासून दर महिन्याला ड्रोननं शूटिंग सक्तीचं आहे. बीआयएममध्ये इमारत आधी कॉम्प्युटरवर बांधून बघता येते, पाईप कुठं बीममध्ये घुसतो ते आधीच दिसतं. आपल्या पोरांनी हे शिकायला पाहिजे, नाहीतर पुण्याचे लोक येऊन कामं घेऊन जातील.

पुण्यातला_बेळगावकर
निपाणीकर, मी पुण्यात बीआयएमवरच काम करतो म्हणून सांगतो, तुमचा मुद्दा खरा आहे. पाईप आणि बीमची टक्कर मॉडेलमध्ये दिसते आणि त्यानं खूप फोडाफोडी वाचते. ब्रिटननं २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना बीआयएम सक्तीचं केलं, २०१८ ला त्यावर आयएसओ १९६५० हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. पण मॉडेल तेवढंच खरं असतं जेवढी त्यात भरलेली माहिती खरी असते. रस्त्याखाली जुनी पाण्याची लाईन नेमकी कुठून गेलीय हेच कोणाकडं नसेल तर मॉडेल काय दाखवणार. आमच्या बेळगावच्या घराच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला, छान झाला, आणि पाठोपाठ पाईपसाठी कापला. कापणाऱ्याला काँक्रीट करणाऱ्याची तारीख माहीत नव्हती. यासाठी केंद्रानं मार्च २०२३ मध्ये कॉल बिफोर यू डिग ॲप काढलंय, खोदायच्या आधी ज्याची लाईन खाली आहे त्याला निरोप जातो. आपल्याकडं उकरणारे किती जण ते वापरतात ते तुम्हीच बघून सांगा.

आणि धाग्यात अजून कोणी अंदाजपत्रकाबद्दल बोललं नाही. बेंट फ्लिव्बर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांतले २५८ वाहतुकीचे प्रोजेक्ट बघितले, दहातल्या नवांचा खर्च अंदाजाच्या वर गेला, रेल्वेचा सरासरी ४५ टक्के, पूल-बोगदे ३४, रस्ते २०. त्यांचं म्हणणं, लोक अंदाज करताना आपल्याच प्रोजेक्टच्या आत बघतात आणि सगळं सुरळीत होईल असं धरतात, शिवाय मंजुरी मिळावी म्हणून मुद्दाम कमी दाखवलं जातं. उपाय म्हणजे तुमच्यासारखी आधीची कामं प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा आणि त्यावरून आपला आकडा वाढवा. ब्रिटनमध्ये २००४ पासून वाहतूक खात्यानं हे मार्गदर्शनात घेतलं.

याला विरोधही आहे, वर ज्यांचं नाव आलं ते पीटर लव्ह आणि अहियागा-डॅग्बुई यांनी २०१८ मध्ये जोरदार उलट लिहिलं, की तुम्ही अगदी सुरुवातीच्या आकड्यापासून मोजता, मधे कामाची व्याप्तीच वाढलेली असते, त्याला फसवणूक कसं म्हणता. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण घर बांधणाऱ्यानं तरी फ्लिव्बर्गच ऐकावं. इंजिनियरला विचारू नका किती लागतील, गल्लीत गेल्या पाच वर्षांत ज्यांनी घरं बांधली त्यांना विचारा ठरलेले किती आणि लागलेले किती.

शहापूरकर
हे मात्र खरं ओ. आमच्या गल्लीत ठरलं तेवढ्यात झालेलं घर मी तरी बघितलं नाही. आणि सगळ्यात जास्त पैसे कशानं वाढलेत म्हणाल तर मधेच घरातल्यांनी देवघर इकडनं तिकडं केलं त्यानं.

खानापूरची_लेक
@शहापूरकर म्हणजे असफ आणि अल-हेज्जींचं पहिलं कारण :) हे मी डिसर्टेशनमध्ये घेतेच.

गौंड्याचा_पोरगा
नमस्कार सगळ्यांना. मी डिप्लोमा सिव्हिल केलोय, वडील गौंडी, वडगावात राहतोय. वर सगळे शिकलेले लोक बोललेत, मी दुसऱ्या बाजूचं सांगतो, रागावू नका.

तुम्ही म्हणताय मेस्त्रीला विचारा, हे काम जमेल का. मेस्त्री काय सांगणार? होय साहेब, करतो. नाही म्हटलं तर दुसरा मेस्त्री येतोय. माझे वडील इतकी वर्षं काम करतेत, मालकाला तोंडावर नाही म्हणालेलं मी बघितलेलं नाही. घरी आल्यावर आईला सांगतात, तिथं चौकटच नाही, उद्या काय बांधू मी. त्यांना सगळं माहीत असतंय पण सांगायची सोय नाही. पगार शनिवारी, त्यात उचल घेतलेली असती, ती फिटेपर्यंत तोंड बंद. साईटवर आता चार भाषा, आम्ही मराठी, हेल्पर कन्नड, टाईल्सवाले राजस्थानी, प्लास्टरला बिहारची पोरं, आणि इंजिनियर व्हॉट्सॲपवर इंग्रजीत मेसेज टाकतोय, तो मेसेज सेंट्रिंगवाल्याला मी वाचून दाखवतोय. काय कळलं नाही तर सगळे म्हणणार स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी (थोडं सांभाळून घ्या) आणि काम सुरू.

त्यामुळं फळा लावून काय होणार नाही, जोवर नाही म्हणणाऱ्याचा रोज (दिवसाची मजुरी) कापतेत तोवर.

साईटवाला_टिळकवाडी
@गौंड्याचा_पोरगा रागवायचं कशाला, या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची पोस्ट ही आहे. आणि पुस्तकी उत्तर देत नाही, पण बॅलार्ड आणि हॉवेल यांचं लिखाण नीट वाचलं तर त्यांचा पायाच हा आहे, की ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो ला काही किंमत नाही. शब्द पाळल्याची टक्केवारी मोजायची ती माणसाला पकडायला नाही. ज्या कंपन्यांनी टक्केवारीवर बोनस लावला किंवा दंड लावला तिथं लोक सोप्पी कामं यादीत टाकतात आणि आकडा छान दिसतो, काम तिथंच. मी स्वतः एवढंच करू शकतो आणि करतो, की सोमवारच्या बैठकीत जो "हे होणार नाही, कारण हे नाही" म्हणतो त्याच्या समोरच ती गोष्ट आणायची जबाबदारी कोणाची ते नाव लिहितो, आणि ते नाव त्याचं कधीच नसतं. बहुतेक वेळा माझं, नाहीतर आर्किटेक्टचं, नाहीतर मालकाचं. आणि थांबलेल्या दिवसाचा रोज द्यायचा. तो दिला नाही तर बाकी सगळी पद्धत खोटी.

माझा फळा म्हणजे प्लायवुडच्या मागच्या बाजूला चुन्यानं रेघा मारल्यात, उभ्या रकान्यात पुढचे सहा आठवडे, आडव्यात टोळ्या. काम मराठीत आणि कन्नडमध्ये लिहितो, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी रंग, सेंट्रिंग पिवळं, स्टील निळं, गौंडी लाल, वायरिंग हिरवं. अडलेल्या कामावर काळा ठिपका. काळा ठिपका असलेलं काम या आठवड्याच्या रकान्यात सरकवायला कोणालाच परवानगी नाही, मालकालासुद्धा नाही. सुरुवातीला मालक म्हणाले माणसं बसून आहेत, काहीतरी चालू करा. बसलेल्या माणसाचा खर्च डोळ्यांना दिसतो, चुकीच्या वेळी सुरू केलेल्याचा दिसत नाही, म्हणून सगळे त्यालाच घाबरतात.

@निपाणीकर ड्रोन, बीआयएम यांना माझा विरोध नाही. पोस्ट ऑफिसच्या भिंती छापून निघाल्या हे मोठं काम आहे. पण त्या वेगाचा अर्धा जोर माझ्या मते छपाईच्या आधीच्या तयारीचा, मशीन थांबवून चालत नाही म्हणून सगळं डिझाइन, सगळे पाईप, सगळ्या जागा आधीच ठरवाव्या लागतात. तेवढी तयारी साध्या विटांच्या कामाला केली तर काय होईल बघा.

रिटायर्ड_एई
थांबलेल्या दिवसाचा रोज, हे सरकारी कंत्राटात कुठं दाखवणार? आमच्या मोजमाप पुस्तकात घनमीटर असतात, थांबलेले दिवस नसतात. पण जी अडचण खात्याची, तिच्यासाठी मुदतवाढ देताना कंत्राटदार पुरावा म्हणून अडथळ्यांचं रजिस्टर देतो, हिंड्रन्स रजिस्टर. ते सगळीकडं असतं, आणि सगळीकडं शेवटी एकदम बसून भरलं जातं. तेच रजिस्टर दर सोमवारी दोघांच्या सहीनं भरलं आणि मागं वळून न लिहिता पुढच्या सहा आठवड्यांचं लिहिलं, तर साईटवाला म्हणतात ते सरकारी कामात नियमात बसवून होईल. नवीन जीआर लागणार नाही. हे मला आज वाचताना सुचलं.

@खानापूरची_लेक, माझ्या ओळखीच्या एका कंत्राटदाराचं जांबोटीकडं शाळेच्या खोल्यांचं काम चालू आहे. पाऊस तिकडं कसा असतो तुम्हाला माहीतच आहे. मेसेज करा, बोलून देतो. रजिस्टरचा प्रयोग तिथंच करून बघा.

खानापूरची_लेक
सर, लगेच करते. जांबोटी म्हणजे आमच्याच वाटेवर. रजिस्टरची कल्पना गाईडना दाखवते, प्रश्नावलीच्या जागी ही नोंद चालेल का विचारते. आणि @गौंड्याचा_पोरगा, तुमच्या वडिलांशी एकदा बोलता येईल का? फॉर्म नाही आणणार.

गौंड्याचा_पोरगा
रविवारी या, घरीच असतात.

शहापूरकर
सर, माझं राहिलंच. वरचा स्लॅब मिरगाच्या आधी टाकायचा म्हणून मेस्त्री घाई करतंय. टाकू की थांबू?

साईटवाला_टिळकवाडी
@शहापूरकर मेस्त्रीला घाई का आहे ते आधी विचारा, दुसरी साईट धरली असेल तर तसं स्पष्ट बोलून घ्या. मग आज संध्याकाळी वर चढून बघा. वायरिंगचे सगळे पाईप आणि बॉक्स बसलेत का, टॉयलेटचा स्लॅब किती खाली ते आर्किटेक्टनं कागदावर दिलंय का, नुसतं फोनवर नाही. टाकीचं वजन स्टीलमध्ये धरलंय का. व्हायब्रेटर दोन आहेत का, एक बंद पडतोच. ताडपत्री अख्ख्या स्लॅबला पुरेल एवढी घरात आहे का. आणि सेंट्रिंगवाल्याला विचारा टेकू किती दिवस ठेवणार. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं साध्या ओपीसी सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, बीम सहा मीटरपर्यंत असेल तर १४, त्यावर २१. पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर त्याहून जास्त ठेवा, सावकाश घट्ट होतं. त्याला त्याच प्लेटा दुसरीकडं लावायच्या असतील तर तो चौथ्या दिवशी काढायला येणार, म्हणून भाड्याचं जादा आत्ताच ठरवून टाका.

हे सगळं झालं असेल तर टाका, पाऊस दोन दिवसांवर असला तरी टाका. यातलं एक जरी राहिलं असेल तर ते होईपर्यंत थांबा. मिरगाच्या सरी आल्या तरी मधे उघडीप मिळते, टॉयलेट फोडायला मात्र पुढची दहा वर्षं मिळतील. फॅन बॉक्सचा फोटो टाका इथं, बघून सांगतो.